मे महिन्यात खोपोलीच्या थीम पार्कला ९ जण : आधी काय काय बुक करून ठेवू?

राजारामपुरी_९वी_गल्ली | २२ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी,

मुलांना दोन वर्षं शब्द देऊन ठेवलाय. यंदा मे महिन्यात इमॅजिकाला न्यायचंच. आम्ही ९ जण आहोत. मी, मिस्टर, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात, पण यायची हौस दांडगी), शिवाय सांगलीची नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांची १२ आणि १४ वर्षांची मुलं. एक दिवस थीम पार्क, एक दिवस वॉटर पार्क असा बेत आहे.

आजवर कोल्हापुरातून आमच्या सहली म्हणजे गणपतीपुळे नाहीतर मालवण. गाडी काढायची, निघायचं, तिथं पोचल्यावर खोली बघायची. इथं तसं चालणार नाही असं सगळेच सांगतात, पण आधी नेमकं काय धरून ठेवायचं आणि कशाची घाई नको, हे कोणी नीट सांगत नाही. मिस्टरांचं म्हणणं, सगळ्यात आधी पार्कचं एक्सप्रेस तिकीट (जादा पैसे भरून राइडची लांब रांग टाळायचं) घेऊ, रांगेचा त्रास वाचेल. खर्च करायची तयारी आहे, तो वाया जाऊ नये एवढंच. जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

बावडेकर | २२ फेब्रुवारी २०२६

ताई, आम्ही दोनदा जाऊन आलोय. एकदा २०१४ ला, पार्क नवीन होतं तेव्हा (एप्रिल २०१३ ला सुरू झालंय), आणि एकदा गेल्या वर्षी. दोन्ही वेळच्या अनुभवावरून सांगतो. जी गोष्ट नंतर पैसे टाकूनही मिळत नाही, ती आधी धरायची. पार्कचं तिकीट आठ-दहा दिवस आधीही मिळतं. मे महिन्यात ९ जणांचं रेल्वे आरक्षण मिळत नाही, आणि पार्कजवळ शेजारी-शेजारी तीन खोल्या मिळत नाहीत. म्हणून प्रवास पहिला, मुक्काम दुसरा, पार्कचं तिकीट तिसरं. एक्सप्रेसचा विचार सगळ्यात शेवटी.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. पार्कच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पार्कजवळच करा. २०१४ ला आम्ही कोल्हापुरातून रात्री ११ ला निघालो, सकाळी थेट गेटवर उतरलो. दुपारी २ पर्यंत पोरगा माझ्या खांद्यावर झोपला तो संध्याकाळी उठला. त्याच्या तिकिटाचा निम्मा दिवस झोपेत गेला आणि मला त्याला उचलून फिरावं लागलं. गेल्या वर्षी आदल्या संध्याकाळी खोपोलीत पोचलो, शांत झोपलो, गेट उघडायच्या आधी रांगेत होतो. त्या दिवसाची सरच वेगळी.

थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन वेगळी पार्कं आहेत, तिकिटंही वेगळी. दोन्हीचं एकत्र मिळतंय का ते बघून घ्या. तिकीट तारखेचं असतं, शनिवार-रविवारचा दर जास्त. म्हणून पैसे भरायच्या आधी तारीख बदलायची सोय आहे का, आणि किती दिवस आधीपर्यंत, ते वाचा.

---

तांबडा_पांढरा | २३ फेब्रुवारी २०२६

ताई, गाडीनं जायचा विचार असला तर गाडीचं आधी बघा. आमचा चुलता टेम्पो ट्रॅव्हलर चालवतोय म्हणून सांगतोय. मे महिन्यात लग्नसराईत कोल्हापुरात गाडी मिळत न्हाई. मुहूर्ताच्या दिवशी तर एकेका गाडीला दोन-दोन वऱ्हाडं मागं लागलेली असत्यात.

पण यंदाची गंमत ऐका. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, तो १५ जूनपर्यंत. अधिकात लग्नं न्हाईत. म्हंजे १७ तारखेनंतर गाड्या मोकळ्या, ड्रायव्हर मोकळे, दर पण बोलून कमी करून घेता येतोय. शाळांना सुट्टी आहेच. १८ ते २२ मे हा आठवडा धरा.

गाडी ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या : किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल कुणाकडं, आणि पार्किंग कुणाकडं. तोंडी ठरलं की परतीला वाद होतोय. आणि स्वतःच्या कारनं गेला तर फास्टॅगचा वार्षिक पास किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर या नाक्यांवर चालतोय, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर न्हाई. तो रस्ता राज्याचा. तिथं खात्यात पैसे पाहिजेत.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली | २३ फेब्रुवारी २०२६

दादा, अधिक महिन्याचं माझ्या लक्षातच नव्हतं. तारखा आवडल्या. पण घरी विचारल्यावर दुसरा प्रश्न निघाला. सासूबाई अधिकात महिनाभर एकभुक्त असतात. दुपारी १२ ते १ मध्ये एकदाच जेवतात, रात्री फक्त दूध आणि फळ. पार्कात बाहेरचा डबा नेऊ देत नाहीत असं ऐकलंय. त्यांच्या जेवणाचं काय करायचं?

---

गडहिंग्लजची_लेक | २३ फेब्रुवारी २०२६

जेवणाचं कोणीतरी सांगेलच, मी दुसरं सांगते, कारण हे बुकिंगच्या आधी करायचं काम आहे.

आज संध्याकाळी मुलांची उंची मोजा. चप्पल काढून, पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून. तिकीट लहान मुलाचं काढायचं की मोठ्याचं, ते पार्कात उंचीवर ठरतं, वयावर नाही. रेल्वेत उलट, तिथं वय बघतात. आणि उंचीचा तिकिटापेक्षा मोठा प्रश्न राइडचा असतो. प्रत्येक राइडला कमीत कमी उंची ठरलेली असते, आणि त्यात कोणी सूट देत नाही. देऊही नये. सीटवरचा दांडा मुलाच्या अंगाला नीट बसला पाहिजे, त्यासाठीच ती अट असते.

आमच्या लेकीला आम्ही एका पार्कात (हे नव्हे) सांगितलं होतं की तू मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसणार. ती महिनाभर मैत्रिणींना सांगत होती. रांगेत पाऊण तास उभं राहिलो. टोकाला एक लाकडी खांब, त्यावर आडवी पट्टी. ती पट्टीखाली उभी राहिली आणि डोकं दोन बोटं खाली राहिलं. तिनं हळूच टाचा उचलल्या. तिथला मुलगा गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बाळ, टाचा खाली घे ना." तिनं टाचा टेकवल्या. रडली नाही, पण दिवसभर कुणाशी बोलली नाही. माझ्या घशाखाली जेवण उतरलं नाही त्या दिवशी. चूक पार्काची नव्हती, माझी होती. पार्कच्या साइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. मी वाचली नव्हती.

म्हणून आधी उंची मोजा, मग मुलीला जवळ घेऊन सांगा की यात बसता येईल, यात पुढच्या वेळी.

---

उचगावकर | २४ फेब्रुवारी २०२६

मी रेल्वेच्या बाजूनं सांगतो. ६८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंना टेम्पो ट्रॅव्हलरची उंच पायरी आणि सहा-सात तास पाय दुमडून बसणं झेपणार आहे का, ते बघा. कागल-सातारा सहापदरीकरणामुळे जागोजागी वळसे आहेत, वेळेचा अंदाज बांधता येत नाही. रेल्वेत उठून चालता येतं, बाथरूम असतं.

बेत असा करा. सोमवारी १८ मेला सकाळी कोयना एक्सप्रेस, संध्याकाळी लोणावळा. तिथून खाली घाट उतरून खोपोलीला मुक्काम. मंगळवारी १९ ला थीम पार्क, बुधवारी २० ला वॉटर पार्क, रात्री कर्जतहून महालक्ष्मी एक्सप्रेस. सकाळी कोल्हापूर.

आता तारखा नीट लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० होते, बरेच लोक अजून त्याच हिशेबात आहेत. प्रवासाचा दिवस सोडून ६० मोजायचे. म्हणजे १८ मेच्या कोयनेचं १९ मार्चला सकाळी ८ वाजता. १९ मार्चला गुढीपाडवा आहे. २० मेच्या महालक्ष्मीचं २१ मार्चला. दोन वेगळे दिवस आहेत, विसरू नका. आयआरसीटीसीच्या खात्याची आधार-पडताळणी आत्ताच करून ठेवा. बुकिंग उघडतं तेव्हा पडताळणी झालेल्यांनाच आधी तिकीट मिळतं.

एका तिकिटावर ६ च जण बसतात. तुमचं सोपं आहे : जाताना ५ जणांचं कोल्हापूरहून, ४ जणांचं सांगलीहून, दोघी एकाच वेळी बसून काढा. येताना सासूबाईंचं वेगळं काढा, ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यातून. घोळक्याच्या तिकिटावर त्यांचं नाव टाकलं तर तो कोटा लागत नाही. मग वरचा बर्थ आला की रात्रभर अदलाबदलीची विनवणी. आणि कर्जतसारख्या मधल्या स्टेशनचा कोटा तुटपुंजा असतो. मुंबईपासून तिकीट काढा आणि चढायचं स्टेशन कर्जत टाका. थोडे पैसे जास्त जातील, जागा मिळण्याची शक्यता वाढेल.

५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतःचा बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं आहे. दमून आलेल्या मुलांना बर्थ घ्याच, तिथं काटकसर करू नका. वेटिंगच्या भरवशावर निघू नका. चार्ट लागल्यावर ऑनलाइन वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होतं.

---

तांबडा_पांढरा | २४ फेब्रुवारी २०२६

उचगावकर भाऊ, आजींचा मुद्दा बरोबर हाय, माझं म्हणणं मागं घेतो. फक्त लोणावळ्याला उतरल्यावर ९ माणसं आन् ९ बॅगा घेऊन रिक्षा शोधायची वेळ येऊ देऊ नका. खोली बुक करताना त्याच माणसाकडून स्टेशनची गाडी, दोन दिवस पार्कची ने-आण आन् शेवटच्या रात्री कर्जत, सगळं एकदम ठरवा.

---

पंचगंगाकाठ | २४ फेब्रुवारी २०२६

मी स्वतः ७१ वर्षांची आहे आणि नातवंडांबरोबर जाऊन आले आहे, म्हणून तुमच्या सासूबाईंच्या वतीनं लिहिते.

मुली, त्यांच्यासाठी तीन गोष्टी आधी ठरव. पहिली खोली. तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली, आणि कमोड आहे का ते फोन करून विचार, फोटोवर जाऊ नकोस. आम्हाला एका हॉटेलात ऑनलाइन पैसे भरून तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, लिफ्ट बंद. शिवाय जास्तीच्या गादीचे पैसे रात्री १० वाजता वेगळे मागितले. तेव्हापासून मी सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घेते : किती माणसं, किती गाद्या, नाष्टा धरून की सोडून. पार्कला लागूनच नोव्होटेल हॉटेल आहे. महाग आहे, पण दुपारी दोन तास पाठ टेकायला खोलीवर जाता येतं. ९ जणांच्या तीन खोल्या तिथं परवडत नसतील तर एकच खोली तिथं घ्या, सासूबाई आणि लहानग्यासाठी. हा खर्च वाया जाणार नाही.

दुसरी, व्हीलचेअर. "मला काय झालंय, मी चालेन" असं त्या म्हणतील. मीही म्हणाले होते. सकाळी चालता येतं, दुपारी ३ नंतर डांबर तापतं आणि गुडघा बोलायला लागतो. आधी फोन करून सोय विचारून ठेव, आणि खुर्ची गेटवरच घे.

तिसरी, जेवण. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण औषधं, लहान मुलांचं खाणं आणि पथ्याचं काय, हे फोनवर विचारता येतं. एकभुक्ताचं मी सांगते तसं कर. त्यांना पावणेबाराला जेवायला बसवायचं. साडेबारानंतर सगळं पार्क एकदम जेवायला येतं आणि त्यांची वेळ टळते. थाळी आधी घेता येत असेल तर तिकिटाबरोबरच घे. आणि ज्या आजी उपाशी राहून नातवंडांच्या मागं फिरतात, त्यांच्याकडं लक्ष ठेवायचं काम घरातल्या एका मोठ्या माणसाला नेमून दे. नेमून दिलं नाही की सगळ्यांना वाटतं, दुसरं कोणी बघत असेल.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली | २५ फेब्रुवारी २०२६

काकू, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. व्हीलचेअरला "बघू तेव्हाचं तेव्हा" म्हणाल्या, म्हणजे तयार आहेत.

उंची मोजली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा. मुलगी १३१ सेंटिमीटर, मुलगा १०७. साइटवर बघून सगळ्या राइडची यादी करतोय.

एक्सप्रेसचं मात्र अजून अडलंय. घ्यायचं की नाही?

---

बावडेकर | २५ फेब्रुवारी २०२६

माझं मत सांगतो. एक्सप्रेस सगळ्या ९ जणांना घेऊ नका. सासूबाई मोठ्या राइडमध्ये बसणार नाहीत, ५ वर्षांच्या मुलाला मोठ्या राइड चालणार नाहीत, त्याच्याबरोबर एक मोठा माणूस लागणार. म्हणजे तीन जणांचं एक्सप्रेस फुकट. नणंदेची मोठी मुलं आणि त्यांचे बाबा, नायट्रो आणि स्क्रीम मशीन या मोठ्या राइडवाले, त्यांनाच घ्यायचं तर घ्या. तेही मंगळवारी गरजेचं नाही असं मला वाटतं. गेट उघडल्यावर सगळे पहिल्या दिसेल त्या राइडच्या रांगेत घुसतात. तुम्ही आधी आतल्या बाजूच्या सगळ्यात मोठ्या राइडकडं जा. पहिल्या तासात जे होतं ते दुपारी तीन तासांत होत नाही.

उन्हाचा वेळ आतल्या, छताखालच्या राइडसाठी राखून ठेवा. आय फॉर इंडिया, सलीमगड, मिस्टर इंडिया. त्यातली मिस्टर इंडिया खुर्ची हलणारी आहे, पाठीचं दुखणं असेल तर नको. राजासॉरसमध्ये भिजायला होतं, ती संध्याकाळी घ्या म्हणजे ओल्या कपड्यांत दिवस काढावा लागणार नाही. आणि एखादी राइड त्या दिवशी देखभालीसाठी बंद असू शकते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

---

हुपरीकर | २६ फेब्रुवारी २०२६

वॉटर पार्कसाठी कपडे आधी घेऊन ठेवा. पाण्यातल्या राइडला नायलॉनचे, पोहायचे कपडे लागतात. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी चालत नाही. तिथं भाड्यानं किंवा विकत मिळतात, पण ९ जणांना घ्यायचे म्हणजे भुर्दंड. महाद्वार रोडला निम्म्यात होईल. सासूबाई पाण्यात उतरणार नसतील तर त्यांचं वॉटर पार्कचं तिकीट खरंच हवंय का, तेही ठरवा.

---

इचलकरंजी_ते_शार्लट | २८ फेब्रुवारी २०२६

मी मूळचा इचलकरंजीचा, १२ वर्षं अमेरिकेत आहे. गेल्या वर्षी कोल्हापूरहून आई-बाबा आले तेव्हा आम्ही ऑरलँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. या उन्हाळ्यात ज्यांचे आई-वडील किंवा भाऊ-बहीण इकडे येणार आहेत, त्यांच्या उपयोगासाठी इथेच लिहून ठेवतो.

तिथं एक पार्क नाही, चार आहेत : मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अॅनिमल किंगडम (१९९८). चारही पार्कं एकमेकांपासून गाडीनं जाण्याच्या अंतरावर आहेत. जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. तारखेच्या तिकिटाला आता वेगळं पार्क आरक्षण लागत नाही, ते जानेवारी २०२४ पासून बंद झालं. जीनी प्लस (पैसे भरून रांग कमी करायचा पास) हे नावही गेलं. जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लाइटनिंग लेन मल्टी पास आहे. तो डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी घेता येतो, बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. आणि रेस्टॉरंटमधली टेबलं ६० दिवस आधी उघडतात. जिथं पात्रं टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात, ती तर पहिल्याच सकाळी भरतात.

आई-बाबा शाकाहारी. त्यांच्यासाठी मी अॅनिमल किंगडम लॉजमधलं सना हे रेस्टॉरंट धरलं होतं. तिथं आफ्रिकी-भारतीय पद्धतीचं जेवण आहे. नान आणि चटण्या समोर आल्यावर बाबांचा चेहरा खुलला. चार दिवस ते ब्रेड आणि बटाट्यावर होते आणि मला एका शब्दानं बोलले नव्हते. तेव्हा कळलं, घरच्या मोठ्यांचं जेवण राइडच्या आधी बुक करायला हवं होतं.

अजून एक, जे तुम्हाला खोपोलीतही विचारता येईल. तिथं रायडर स्विच नावाची सोय आहे. लहान मूल उंचीत बसत नसेल तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग थांबलेल्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. खोपोलीच्या पार्कात असं काही आहे का, राइडच्या दारातल्या माणसाला विचारून बघा.

---

नागाळापार्क_०७ | १ मार्च २०२६

सिंगापूरचं थोडं. युनिव्हर्सल स्टुडिओजचं तिकीट, एक्सप्रेस वगैरे सगळं मी तीन महिने आधी करून ठेवलं होतं. निघायच्या सहा आठवडे आधी लक्षात आलं, धाकट्याचा पासपोर्ट चार महिन्यांत संपतोय. मोठ्यांचा १० वर्षांचा असतो, लहान मुलांचा ५ च वर्षांचा, आणि बाहेर जाताना ६ महिने मुदत शिल्लक लागते. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातली भेटीची वेळ, पोलिस पडताळणी, आणि मग व्हिसा. या सगळ्यात रात्रीची झोप उडाली होती. तेव्हा परदेशी जाणाऱ्यांनी काहीही बुक करायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर उघडून ठेवा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट खोटी समजा.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली | २१ मार्च २०२६

मंडळी, पाडव्याला गुढी उभारायची बाजूला ठेवून ८ वाजता मी इथं आणि नणंद सांगलीत बसलो. पाच आणि चार, दोन्ही तिकिटं पक्की. आज महालक्ष्मीचंही झालं, सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला. उचगावकर दादा, तुमचे उपकार. पाडव्याला गुढी साडेआठला उभारली, सासूबाई म्हणाल्या, चालतंय.

खोपोलीत दोन खोल्या आणि पार्कला लागून एक खोली ठरवली. पार्कची तिकिटं एप्रिलअखेरीस काढणार, एक्सप्रेस फक्त तिघांना.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली | २४ मे २०२६

जाऊन आलो. सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

आदल्या रात्रीचा मुक्काम हा सगळ्यात शहाणपणाचा सल्ला होता. मुलं ९ ला झोपली, सकाळी गेट उघडलं तेव्हा ताजीतवानी होती. पहिल्या तासात मोठ्या मुलांची मोठी राइड झाली, एक्सप्रेस दुपारनंतर एकदाच वापरलं. परत जायचं झालं तर घेणार नाही, किमान मंगळवारी तरी.

मुलीला कुठं बसता येणार नाही ते माहीत होतं. तिनं घरूनच यादी लिहून आणली होती, एका बाजूला "आता", दुसऱ्या बाजूला "पुढच्या वेळी". उंचीच्या पट्टीपाशी गेलोच नाही.

सासूबाईंचं जेवण दोन्ही दिवशी बारा वाजायच्या आत झालं. व्हीलचेअर घेतली. सकाळी त्यात बॅगा होत्या, दुपारी त्या स्वतः बसल्या. आय फॉर इंडियात मात्र खुर्चीतून उठून आपणहून रांगेत आल्या. खुर्च्या पुढं सरकल्या, पाय अधांतरी झाले आणि खाली डोंगर, नद्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं घाबरल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना विमानात बसायचं होतं गं." एवढंच. मग आम्ही दोघी सावलीत बसून राहिलो थोडा वेळ.

चुकलं काय ते पण सांगते. वॉटर पार्क शेवटच्या दिवशी ठेवला, त्यामुळं ओले कपडे पिशवीत घेऊन महालक्ष्मीत चढलो. मुलाचा कोरडा जोड खोलीवर राहिला, तो आत्याच्या दुपट्ट्यात गुंडाळून झोपला. प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि दोन जाड प्लास्टिक पिशव्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. उन्हानं सगळ्यांचे खांदे सोलले, लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घ्यायला हवे होते.

---

पंचगंगाकाठ | २४ मे २०२६

मुली, त्या सावलीत बसलात ते फार बरं केलंत.

---

कसबा_बीड | २५ मे २०२६

धागा पूर्ण वाचला. आम्ही ७ जण दिवाळीत जायचं म्हणतोय, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं. आई-वडील दोघंही सत्तरीचे. आत्तापासून काय करू?

---

राजारामपुरी_९वी_गल्ली | २५ मे २०२६

भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तुम्ही १२ ला निघणार. त्या गाडीचं आरक्षण १३ सप्टेंबरला सकाळी ८ ला उघडेल. १४ ला गणपती बसतायत, घरात आदल्या दिवशीची धावपळ असेल, म्हणून मोबाईलात आत्ताच गजर लावून ठेवा. ७ जण म्हणजे दोन तिकिटं : आई-वडील दोघांचं वेगळं, खालच्या बर्थच्या कोट्यातून, बाकी पाच जणांचं वेगळं. खोल्यांना मात्र सप्टेंबरपर्यंत थांबू नका, दिवाळीचा आठवडा आहे. आमच्या खोपोलीच्या खोल्या चांगल्या होत्या, लिफ्ट आणि कमोड दोन्ही आहे. निरोप टाका, नंबर देते. आणि मुलांची उंची आता मोजू नका, ऑक्टोबरात मोजा. सहा महिन्यांत वाढतात.